भुताचं घेणं, घराचं देणं

आपल्याकडची भुतं विनाकारण कुणाला धरत नाहीत. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात दगावलेली बाई अळवंतीण होते. मागे रडायला कुणी उरलं नाही, क्रियाकर्म झालं नाही, जीव घरात आणि जमिनीत अडकून राहिला, तो समंध होतो. यातल्या प्रत्येक नावामागे काहीतरी थकलेलं आहे: कुणाचं लग्न, कुणाचं मूल, कुणाचा पिंड. भूत हा घेणेकरी असतो आणि तो ज्या घराच्या उंबऱ्याशी येतो ते घर बहुतेक वेळा त्याचं देणं लागत असतं. गेल्या आठ-दहा वर्षांत हिंदी, मराठी, मल्याळम आणि गुजरातीत भयपटांची आणि थरारपटांची जी मोठी लाट आली, ती एकत्र ठेवून पाहिली की चांगले आणि वाईट चित्रपट वेगळे करणारी रेघ इथेच सापडते. चित्रपटातलं देणं खरं आहे का, आणि आपल्याला, म्हणजे प्रेक्षकाला, त्यानं देणेकऱ्याच्या घरात बसवलंय का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर भीती घरापर्यंत सोबत येते. भुताचा रंगभूषाकार किती कुशल, पार्श्वसंगीत किती दणदणीत, या गोष्टी त्यानंतरच्या.

या काळातलं सर्वांत पक्कं उदाहरण ‘तुंबाड’चं. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. त्याचं चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं होतं. मधल्या वर्षांत बराच भाग पुन्हा केला गेला आणि खऱ्या पावसासाठी पावसाळे धरून काम झालं. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, तर गोष्टीचं मूळ बीज नारायण धारपांच्या कथेत आहे. चित्रपट उभा आहे तो मात्र त्याच्या कडक नियमांवर. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर सोनं हडपतो, धान्यावरही हात टाकायला जातो आणि तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला वाचवते, पण त्याची पूजा कधी होणार नाही, त्याला सगळे विसरतील, या अटीवर. म्हणजे त्याच्याकडे सोनं आहे आणि पोटात भूक आहे. चित्रपटाचा नायक विनायकराव वाड्याखालच्या विहिरीत दोर सोडून देवीच्या गर्भात उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो आणि हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटीला हात घालून जमिनीवर सांडणाऱ्या मोहरा गोळा करतो. बाहुली संपायच्या आत दोर पकडायचा. हे सगळं आपल्याला इतकं नीट समजावून दिलेलं असतं की पुढे घाबरवायला अचानक कुणी ओरडावं लागत नाही. बाहुली किती उरली, हात किती लांब आहे, एवढं पाहिलं तरी छातीत धडधडतं.

आणि शेवटाकडे हाच नियम उलटतो. बापाच्या हाताखाली तयार झालेला पांडुरंग विचारतो की मूठमूठ मोहरा कशाला, लंगोटीच का काढून आणू नये? हिशेब बरोबर वाटतो. जास्त बाहुल्या नेल्या तर हस्तर जास्त वेळ गुंतेल. दोघं भरपूर बाहुल्या घेऊन उतरतात आणि तिथे कळतं की जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. या प्रसंगाची ताकद आश्चर्यात आहेच, पण त्याहून जास्त त्या आश्चर्याच्या रास्तपणात आहे. भुतानं फसवलेलं नाही, त्यानं आपला शब्द पाळला, हिशेब चुकला तो माणसाचा. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत गोष्ट सांगितली आहे आणि प्रत्येक टप्प्यात तेच घराणं तेच घेत राहतं. आपण पूर्ण वेळ विनायकच्या खांद्यामागे असतो. मोहरा त्याला मिळाव्यात असं आपल्यालाही वाटत असतं. त्यामुळे विहिरीच्या लाल भिंती चारी बाजूंनी जिवंत होतात तेव्हा आपणही त्या रिंगणात अडकलेलो असतो.

‘भीतीचा जीव अनपेक्षित धक्क्यात असतो, नियम-बियम समीक्षकांसाठी,’ असं अनेक रसिक मानतात. त्यांच्यासमोर ‘तुंबाड’चंच पुढचं आयुष्य ठेवता येतं. २०१८ मध्ये चित्रपटगृहात त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. मग घराघरांतल्या पडद्यावर तो पाहिला गेला, त्याचं रहस्य सगळ्यांना पाठ झालं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त कमाई झाली. विहिरीत काय आहे हे माहीत असलेले लोक तिकीट काढून पुन्हा विहिरीत उतरले. धक्का एकदाच बसतो. चढत जाणारी थकबाकी मात्र प्रत्येक वेळी चढताना दिसते, आणि कुठे जाऊन फुटणार हे ठाऊक असेल तर जास्तच.

मराठीत याच सुमारास, जरा आधी, २०१७ मध्ये विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ आला. आठ महिन्यांची गरोदर नेहा नवऱ्याबरोबर शहरातून पळून उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात लपायला येते. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी तो चित्रपट पेलला आहे. उषा नाईकांच्या तुळसाबाईचा मायाळूपणा कुठे संपतो आणि पहारा कुठे सुरू होतो हे शेवटपर्यंत नीट कळत नाही. पण या चित्रपटातली खरी सुज्ञ निवड उसाची. भयपटातलं ठरलेलं जंगल उभ्या महाराष्ट्रात किती जणांनी पाहिलंय? उभा ऊस मात्र सगळ्यांनी पाहिलाय. डोक्याच्या वर गेलेला, चार पावलांवरचं माणूस दिसू न देणारा, पातीनं हात कापणारा, वारा नसतानाही सळसळणारा. त्यात लपलेली मुलं लपाछपी खेळत असल्याचा आवाज आला की नेहाला पळायला दिशाच राहत नाही. आणि गोष्टीतलं देणं हे जन्मण्याआधी आणि जन्मल्याबरोबर मारलेल्या मुलींचं आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्याची सरासरी ८९४. चित्रपट हे आकडे सांगत नाही आणि बीडचं नावही घेत नाही. पण तो पाहणाऱ्या मराठी माणसाला मारलेल्या त्या मुली कुठून आल्या हे विचारावं लागत नाही.

फुरियांनीच २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला, पुढे त्याचा दुसरा भागही आला. दोन्ही भाषांतल्या पहिल्या चित्रपटांत एकच दुबळी जागा आहे, ती शेवटची. तिथे भूतकाळ उलगडून दाखवण्याची आणि स्त्रीभ्रूणहत्येवर बोलण्याची इतकी घाई होते की भय बाजूला राहतं आणि व्याख्यान सुरू होतं. यावर कुणी म्हणेल की विषयच एवढा मोठा आहे, तो स्पष्ट बोलायला नको का? बोलायला हवाच. पण तासभर ज्या बाईनं ते सगळं अंगावर झेललं, तिच्या तोंडून ते पुन्हा समजावून सांगितलं की आपण देणेकऱ्याच्या घरातून उठतो आणि सज्जनांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. मग भीती कशाची वाटणार? हीच अडचण ‘बुलबुल’मध्ये (२०२०) पहिल्या अर्ध्या तासातच येते. अन्विता दत्त यांचा हा चित्रपट एकोणिसाव्या शतकातल्या बंगालच्या जमीनदारी हवेलीत घडतो. लालभडक रात्री, उलट्या पावलांची चुडैल, सगळं देखणं आहे. पण चुडैल मारते तो प्रत्येक पुरुष मारण्याच्याच लायकीचा असतो, आणि आपण मनापासून तिच्या बाजूचे असतो. त्यातून न्याय मिळाल्याचं समाधान होतं, आणि तेही काही कमी नाही. मात्र ज्याच्यापासून आपल्याला काही धोकाच नाही अशा भुताची भीती वाटत नाही. ‘बुलबुल’ हा चांगला सूडपट आहे, भयपट म्हणून तो उभा राहत नाही.

मल्याळम चित्रपटांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली असं वाटतं. राहुल सदाशिवन यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवावेत. ‘भूतकालम’ (२०२२) मध्ये ना अरण्य आहे ना हवेली. भाड्याचं साधं घर, नैराश्यानं खचलेली आई, नोकरी न मिळालेला मुलगा. रेवती आणि शेन निगम यांच्यातली भांडणं इतकी खरी आहेत की घरात आणखी कुणीतरी आहे हे कळायच्या आधीच आपला श्वास कोंडतो. ‘देण्याची ही कल्पना फक्त गावाकडच्या भुतांना लागू पडते’ या आक्षेपाला इथे उत्तर मिळतं. आई आणि मुलगा एकमेकांचंच देणं लागतात आणि ते फेडायची दोघांची ऐपत संपलेली आहे. रामगोपाल वर्मांच्या ‘भूत’नं (२००३) मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट, लिफ्ट आणि वॉचमन एवढ्यावर हेच साधलं होतं. स्वस्तात मिळालेल्या घराची राहिलेली किंमत नंतर वसूल होते.

सदाशिवन यांचाच ‘भ्रमयुगम’ (२०२४) दुसऱ्या टोकाचा आहे. सतराव्या शतकातलं मलबार, कृष्णधवल छायाचित्रण, आणि पडद्यावर जेमतेम तीन-चार माणसं. गुलामीतून निसटलेला तेवन नावाचा पाणन गायक भुकेलेला, भिजलेला असा एका पडक्या वाड्यात येतो. कोडुमोन पोट्टी त्याला आसरा देतो, पानात वाढतो, गाणं ऐकतो, मग सोंगट्यांच्या खेळाला बसवतो. डावाला काय लावायचं, तर स्वतःचं आयुष्य. मामूटींनी हा पोट्टी असा उभा केला आहे की तो हसला की जास्त भीती वाटते. तेवनच्या डोक्यावर सुरुवातीला कसलंच देणं नसतं. ते त्याच्यावर अन्न घालून चढवलं जातं. जातीनं वरच्या असलेल्या माणसानं खालच्याला जेवू घालणं, हे उपकार म्हणून मांडणं आणि मग त्या उपकारापोटी त्याचा उभा जन्म लिहून घेणं, ही वेठबिगारीची सगळी पद्धत एका सोंगट्यांच्या पटावर दिसते. शेवटी पोट्टीची अंगठी हातात आली की नव्या मालकाच्या मनातही तीच हाव जागी होते. जातिव्यवस्थेवर त्यात एकही भाषण नाही, म्हणून ती व्यवस्था इतकी स्पष्ट दिसते. ‘छोरी’ला जे जमलं नाही ते इथे जमलंय.

थरारपटात भूत नसतं, पण घेणेकरी असतोच, फक्त तो जिवंत असतो. ‘दृश्यम’ एवढा गाजला तो याच कारणानं. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. निशिकांत कामत यांनी तो २०१५ मध्ये हिंदीत आणला आणि केरळमधल्या डोंगराळ गावातून उचलून गोव्यात नेला. बसची तिकिटं, हॉटेलचं बिल, पणजीतला सत्संग, सिनेमाचा खेळ, २ आणि ३ ऑक्टोबर या दोन तारखा लोकांच्या डोक्यात घट्ट बसवणं, हे घरच्यांना वाचवायला निघालेल्या विजय साळगावकरचं काम कुणाही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खर्चाच्या वहीसारखं आहे. म्हणूनच ते गाव बदलूनही टिकलं. आपण त्याच्या कुटुंबाच्या बाजूनं इतके पक्के उभे असतो की समोर एक आई आपला मुलगा शोधतेय हे विसरायला होतं. तब्बूची मीरा देशमुख पोलीस महानिरीक्षक म्हणून कितीही क्रूर वागली तरी तिचं घेणं खोटं नाही. शेवटी वर्दीशिवाय, नवऱ्याबरोबर ती साळगावकरसमोर उभी राहते आणि तो स्पष्ट काही न बोलता बरंच कबूल करतो. त्या दोन-चार मिनिटांत मघापर्यंतचा आपला विजय घशात अडकतो. पुण्यात घडणारा श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) हुशारीत याच्या पुढे आहे, पण त्यात प्रत्येक जण दुसऱ्याचं लुटायला निघालेला असल्यामुळे कुणाचंच देणं आपल्या अंगाला लागत नाही. पाहताना खूप मजा येते, नंतर अस्वस्थ वाटत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारा चित्रपट गुजराती आहे. कृष्णदेव याज्ञिक यांचा ‘वश’ (२०२३) आणि त्यावरून विकास बहल यांनी केलेला ‘शैतान’ (२०२४) यांत कुटुंबानं कुणाचं काहीच बिघडवलेलं नाही. प्रवासात एक अनोळखी माणूस भेटतो, ‘शैतान’मध्ये तो मुलीला लाडू देतो, आणि त्यानंतर ती त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. तो हस म्हणतो, ती हसते. थांब म्हणेपर्यंत थांबत नाही. भूत नाही, सावली नाही, भर दिव्याच्या उजेडात दिवाणखान्यात हे चालतं, आणि ते विलक्षण भयानक आहे. जानकी बोडीवालानं दोन्ही चित्रपटांत ही मुलगी केली आणि ‘वश’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वार्थानं योग्य होता. इथे देणं नाही आणि तरीही भीती आहे, हे मान्य करायलाच हवं. मला वाटतं, ती भीती आईबापांच्या एका खास हक्काला हात घालते. आपल्या मुलीनं आपलं ऐकावं हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की तेच ऐकणं दुसऱ्या कुणासाठी वळवलं गेलं तर आपल्या हातात काय उरतं, असा तो प्रश्न आहे. पण हा प्रश्न ‘शैतान’ शेवटपर्यंत नेत नाही. कारण नसलेलं संकट संपवायलाही कारण सापडत नाही. मग तांत्रिकाची मोठी योजना, बापाचं शौर्य आणि बदला असा नेहमीचा रस्ता धरावा लागतो, आणि पूर्वार्धात ताठ झालेली मान उत्तरार्धात सैल पडते.

आता सर्वांत जास्त पैसा कमावणाऱ्या प्रकाराकडे, विनोदी भयपटाकडे. अमर कौशिक यांच्या ‘स्त्री’त (२०१८) भुताला नियम होता आणि त्या नियमात गंमत होती. भिंतीवर ‘उद्या ये’ लिहिलं की ती परत जाते, कारण ती लिहिलेलं वाचते आणि पाळते, जे चंदेरीतले पुरुष बाईच्या बाबतीत करत नाहीत. हसता हसता रात्री बाहेर पडायला घाबरणारे पुरुष पाहणं हा या काळातला खरोखर नवा प्रयोग होता. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (२०२४) तर थेट आपल्या अंगणातला. १९५२ च्या कोकणात गोट्या नावाच्या मुलाला आपल्यापेक्षा मोठ्या मुन्नीशी लग्न करायचंय. नकार मिळतो, मुंज लावली जाते, तो चेटूक करायला रात्री झाडाखाली जातो, स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. मुंज झाल्यावर दहा दिवसांत गेलेला, म्हणून मुंज्या. पुढच्या पिढ्यांकडे तो आपली नवरी मागत राहतो. घेणेकऱ्याचं घेणंच खोटं असेल तर काय, हा प्रश्न त्यात आपोआप येतो. मुलीनं ‘नाही’ म्हटल्यावरही ती आपलीच आहे असं समजणाऱ्या पोराचं भूत, हे आजच्या महाराष्ट्रात फार जवळचं आहे. सुहास जोशींची आजी असेपर्यंत चित्रपट हे सगळं घट्ट धरून ठेवतो. ती गेली की पाठलाग, संगणकानं घडवलेली मारामारी आणि शेवटी ‘भेडिया’ या चित्रपटाशी जोडणारा तुकडा.

हा तुकडाच पुढच्या घसरणीची सुरुवात आहे. ‘स्त्री २’ २०२४ च्या सर्वाधिक कमाईच्या हिंदी चित्रपटांत आला, ‘थामा’ (२०२५) त्याच साखळीत आला, आणि आता प्रत्येक भूत दुसऱ्या भुताला भेटायला हवं अशी पद्धत पडली आहे. लोक हौसेनं जातात, मुलं खूश होतात, मग बिघडलं काय, असा आक्षेप यावर येतो. बिघडलं हे की चंदेरीची स्त्री चंदेरीतून उठली, मुंज्या पिंपळावरून उतरला, आणि दोघं एकाच मैदानात ताकद आजमावायला आले. ज्या गावानं, ज्या घरानं त्यांचं काही थकवलं होतं ते मागे राहिलं. आता त्यांच्यात फरक एवढाच की कोण उडतं आणि कुणाची नखं लांब आहेत. सरपोतदारांना हे नक्की कळतं, कारण त्यांच्याच मराठी ‘झोंबिवली’त (२०२२) डोंबिवलीचे टॉवर, शेजारची वस्ती आणि पाण्याचं राजकारण यांतून आलेली भीती पक्क्या पत्त्याची होती.

शेवटचा आक्षेप महाराष्ट्रात टाळता येणार नाही. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे भुताखेतांचे चित्रपट रंगवून सांगणं अंधश्रद्धेला खतपाणी घालणं नाही का? हा आक्षेप ज्या चित्रपटांत बाबा किंवा तांत्रिक मंत्र म्हणून सगळं निस्तरतो त्यांना पूर्ण लागू पडतो. तिथे प्रेक्षकाला हेच शिकवलं जातं की देणं फेडायची गरज नाही, योग्य माणसाला दक्षिणा दिली की झालं. पण हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ (२०२५) पाहावा. गुप्ते मुळात मराठीतले गूढकथा-कादंबरीकार. अमृता सुभाषची राधा आपल्यावर लहानपणी जारण झालंय असं मानते. घरात राहिलेल्या गंगुटीचं सावट तिच्यावरून हटत नाही. अनिता दाते ही गंगुटी फार थोड्या हालचालींत उभी करते. हे खरोखर जारण आहे की एका दुखावलेल्या मनानं स्वतःला सांगितलेली गोष्ट, हे चित्रपट सहजासहजी सांगत नाही. जारण-मारणाच्या धाकात बाईचं सगळं आयुष्य कसं कुरतडलं जातं हे मात्र सांगतो. असा चित्रपट पाहून कुणी मांत्रिकाकडे जाईल असं मला वाटत नाही. डॉक्टरांकडे जावं असं एखाद्या घराला वाटू शकेल.

‘तुंबाड’ हिंदीत झाला, ‘मुंज्या’ हिंदीत झाला, याची मराठी रसिकाला बोच आहे आणि ती रास्त आहे. धारप आणि मतकरींच्या गूढकथांची शेकडो पानं आपल्याकडे असताना मराठी पडद्यावर दीर्घकाळ तात्या विंचूचाच दबदबा राहिला. पैशाचं गणित तिथे आड येतं हे खरं, पण ‘लपाछपी’ आणि ‘जारण’ यांना फार मोठा खर्च लागला नव्हता. एक घर, थोडी माणसं आणि एक खरं देणं एवढं पुरलं. विकास देसाई आणि अरुणा राजे यांच्या ‘गहराई’नं १९८० मध्येच हिंदीत हे दाखवलं होतं. डॉ. श्रीराम लागूंनी केलेला त्यातला बाप गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो आणि तिची वसुली शहरातल्या घरात, मुलीच्या अंगातून सुरू होते. त्यानंतर राज्यात धरणांसाठी, वसाहतींसाठी, महामार्गांसाठी केवढी जमीन हातातून गेली. समंध तर वारस नसलेल्या जमिनीवरच बसतो म्हणतात. तलाठी कार्यालयातल्या एखाद्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, कुणीच ओळखत नसलेलं एक नाव राहून गेलंय आणि नवा मालक ते कमी करायला अर्ज घेऊन उभा आहे, एवढ्या एका दृश्यापासून मराठी भयपट सुरू व्हावा, याची मी वाट पाहतोय.